नसलेल्या गोळ्याचं वजन

दरवर्षी दिवाळीच्या फराळाला मला एक गोष्ट सांगावी लागते. लागते म्हणजे काय, लोक आग्रह करतात, आणि एखाद्या वर्षी आग्रहाला उशीर झाला तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. न्यू जर्सीत आमचा सात-आठ घरांचा गोतावळा आहे. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, दोघंतिघं रिटायर झालेले, सगळे महाराष्ट्रातून कधी ना कधी इथे येऊन पडलेले. दिवाळीच्या जवळचा शनिवार पकडून सगळे दुपारी आमच्याकडे जमतात. जेवणं झाली, चहा फिरला की आमच्यातले वयाने सगळ्यात मोठे, रिटायर झालेले डॉक्टरकाका, मांडीवर थाप मारून म्हणतात, "चल रे, गोळा होऊन जाऊ दे!"

गोष्ट अशी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला लोलकाचा प्रयोग होता. दोरीला गोळा बांधायचा, हेलकावे मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो ९.८ येतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्या कॉलेजातला गोळा कुणीतरी कधीतरी पळवला होता, आणि प्रयोगशाळेत नुसती दोरी लोंबत होती. नव्या गोळ्यासाठी अर्ज गेलाय, एवढंच आम्हाला चार वर्षं ऐकू आलं. आता प्रयोग तर सिलॅबसमध्ये, म्हणजे जर्नलमध्ये हवाच. बाकीच्यांनी सीनियरचं जर्नल समोर ठेवून आकडे जसेच्या तसे उतरवले. मी स्वतःला हुशार समजत होतो. मी उत्तरावरून उलटं गणित करत रीडिंग्ज बसवली, आणि बरोबर ९.८ आलं तर संशय येईल म्हणून मुद्दाम ९.७४ आणलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझं जर्नल चाळलं, लोंबत्या दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "गोळ्याचं वजन किती होतं रे?" मी पापणीही न लववता म्हणालो, "दोनशे ग्रॅम, सर." वीसपैकी अठरा!

इथे हशा ठरलेला. मग ज्याला त्याला आपापलं आठवतं. एक जण खाली दिवा लावून, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट ठेवून वर स्वतःची गिरवायचा, ते सांगतो. डॉक्टरकाका न कापताच जर्नलमध्ये काढलेल्या बेडकाची कहाणी काढतात. सगळे इथे मोठ्या हुद्द्यांवर पोचलेले, गराजमध्ये दोन-दोन गाड्या, आणि प्रत्येकाच्या भूतकाळात एक उतरवलेलं जर्नल. आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतो.

आता मी पोटासाठी काय करतो तेही सांगून टाकतो. घरापासून पाऊण तासावर एक छोटं कॉलेज आहे, तिथे मी मास्टर्सच्या मुलांची प्रयोगशाळा घेतो. मोजमाप कसं करायचं, चूक किती झाली ते कसं सांगायचं, हे शिकवतो. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात गोळा न लावता गुरुत्वाकर्षण काढलं, त्याला पगार मिळतो तो खरी रीडिंग्ज घ्यायला शिकवण्याचा. ही गंमत मला बरीच वर्षं गंमतच वाटत आली.

मग एआय आलं. पोरं रिपोर्ट त्याच्याकडून लिहून आणायला लागली, आणि स्टाफ मीटिंगमध्ये भांडणं सुरू झाली. शेजारच्या लॅबमधली माझी सहकारी, तीस-पस्तीस वर्षं शिकवलेली अमेरिकन बाई, म्हणायची की आधी मुलाला बोलवा, समोर बसवा, काय केलंस ते विचारा आणि परत लिहायला लावा. एक तरुण प्राध्यापक स्वतःच प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घ्यायचा आणि तसं उघड सांगायचा. मला दोघांचाही राग यायचा. त्या सेमिस्टरच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि चांगली पाच मिनिटं बोललो. म्हणालो, "बाकी कुठे काय चालायचं ते चालो, प्रयोगशाळेत जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. न पाहिलेलं लिहिणं ही चोरी आहे, आणि चोराला आपण दुसरी संधी देत बसायचं नसतं." टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या चुकीला शिक्षकाने स्वतः निस्तरायचं की शिस्त समितीकडे पाठवायचं, हे त्याचं त्याने ठरवावं.

घरी येऊन मी ते भाषण बायकोला पुन्हा ऐकवलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. "आमच्याकडे एआय वापरलं नाही तर मॅनेजर बोलतो," ती म्हणाली. "आणि तू चोर चोर काय लावलंयस? तू कोण रे मोठा हरिश्चंद्र?" मी म्हटलं, तो जमाना वेगळा होता. ती भाजी चिरत राहिली.

त्याच सेमिस्टरला, ऑगस्टमध्ये, एक मुलगी मास्टर्स करायला आली. अमरावतीची. माझ्या मेहुणीच्या ओळखीतून आमचा नंबर तिच्या घरी गेला होता. वडील शाळेत शिक्षक. तिला कॉलेजने असिस्टंटशिप दिली होती, म्हणजे खालच्या वर्गांच्या लॅबमध्ये मदत करायची आणि त्यावर फी माफ. त्या असिस्टंटशिपवरच ती इथे उभी होती. असिस्टंटशिप गेली तर दुसऱ्या सेमिस्टरला विमानाचं तिकीट काढण्यापलीकडे काही उरत नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या आईचा फोन आला होता. "आता तिथं तुम्हीच तिचे मायबाप," त्या म्हणाल्या. "चुकली तर कान पकडा." मी म्हटलं, अहो, अजिबात काळजी करू नका.

पोर गोड होती आणि कामाची होती. कॉलेजात चारचौघांत मला सर म्हणायची, आमच्याकडे आली की काका, आणि कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच असलो तर तिथेही काका. बायको तिला स्टीलच्या डब्यातून आमटी, उसळ असं काहीबाही पाठवायची. डबा पोचवायचं काम माझ्याकडे.

त्या दिवाळीला ती आमच्याकडे होती. सकाळपासून येऊन बायकोला चकल्या पाडू लागली. दुपारी गोष्ट झाली तेव्हा गालिच्यावर बसून सगळ्यांबरोबर पोट धरून हसली. मग हसता हसताच तिने विचारलं, "पण काका, म्हणजे तुम्ही तो प्रयोग कधी केलाच नाही?"

"छे गं, गरजच नाही पडली!" मी म्हणालो.

परत हशा. ती हसली खरी, पण जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ते मला आज आठवतं. त्या दिवशी मी दुसरी चकली घेत होतो.

तीन-एक आठवड्यांनी तिचा रिपोर्ट आला. पितळेच्या कांडीचं एक टोक तापवायचं आणि उष्णता दुसऱ्या टोकाला किती पोचते ते मोजायचं, असा तो प्रयोग. तिचं उत्तर पुस्तकातल्या आकड्यापासून खूपच लांब गेलं होतं. आकडे बघूनच कळत होतं की पोरीने खरोखर तिथे बसून, थर्मामीटरकडे डोळे लावून घेतलेत. एका ठिकाणी खोडलं होतं, बाजूला वेळ टाकून परत घेतलं होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं असे आकडे लपवतात. तिने लपवले नव्हते. पण शेवटी उत्तर का चुकलं याची चर्चा लिहायची असते, ते पान झुळझुळीत इंग्लिशमध्ये होतं, आणि त्यात लिहिलं होतं की कांडीभोवतीच्या निर्वात आवरणातून थोडी हवा गळत असावी. आमच्या कांडीला निर्वात आवरण नाही. आमच्या कांडीला जुना काचेचा कापूस आणि चिकटपट्टी आहे. जे यंत्र लॅबमध्ये नाहीच, त्याच्यातली गळती तिने लिहून दिली होती.

लॅब सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि ते पान समोर धरलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला, पण तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"हो काका. तेवढं पान एआयकडून लिहून घेतलं. उत्तर इतकं चुकलं होतं ना, की का चुकलं ते मला इंग्लिशमध्ये धड मांडताच येईना. आणि मी ते नीट वाचलंही नाही. पण रीडिंग्ज माझी आहेत, देवाशपथ. मी उद्या परत लिहून आणते."

"बघतो," मी म्हणालो.

बघायचं काय होतं? नियम माझ्या बाजूने होता. म्हणायचं, जा, परत लिही, आणि पुन्हा असं केलंस तर बघ. शेजारच्या लॅबमधल्या बाईंनी हेच केलं असतं. त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी त्या माझ्या खोलीत आल्याही. लॅबच्या दारातून त्यांनी आम्हाला बोलताना पाहिलं होतं. "मुलीने खरं सांगितलं ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, विचार करतो. आणि खुर्चीत बसून मी जो विचार केला, तो मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही. मला सत्याची चाड वगैरे काही आठवली नव्हती. मला मीटिंगमधल्या टाळ्या आठवत होत्या. आता हाच माणूस मागे फिरला तर लोक काय म्हणतील? आणि कुणासाठी फिरला, तर आपल्या गावाकडच्या, आपल्या घरी जेवायला येणाऱ्या पोरीसाठी! इंडियन प्रोफेसरने इंडियन मुलीला सांभाळून घेतलं, ही कुजबुज मला कानात ऐकू यायला लागली. प्रत्यक्षात कुणी काही म्हणालं नव्हतं. कुणी म्हणणारही नव्हतं. कॉलेजात तिचं माझ्याकडे येणं-जाणं कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. तरी मी समितीचा फॉर्म उघडला, भरला आणि पाठवून दिला. घरी जाताना गाडीत मी मनाशी म्हणत होतो की ताठ कण्याचा माणूस असाच वागतो.

समितीत तीन माणसं होती. लांबोळकं टेबल, पाण्याचे ग्लास. ती एका बाजूला एकटी, मी दुसऱ्या बाजूला. तिने पांढरा शर्ट घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. तिने सगळं कबूल केलं. हे चालत नाही हे माहीत होतं का? होतं. कुणी मदत केली का? नाही. मग अध्यक्षबाईंनी, बहुधा तिला मदत करायच्याच हेतूने, अगदी मवाळपणे विचारलं, "तू इथे नवीन आहेस. लॅबमधलं लिखाण फार मनावर घ्यायचं नसतं, सगळेच थोडंफार असं करतात, असं तुला कुणी भासवलं होतं का? एखादा विद्यार्थी, एखादी मोठी व्यक्ती?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

एवढंसंच. पण त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोळ्यांपुढे आमचा गालिचा, चकल्यांचं ताट, दोनशे ग्रॅम, सगळं लख्ख उभं राहिलं. ती सांगू शकत होती. पंधरा-वीस मोठ्या माणसांदेखत मीच सांगितलं होतं, हसून हसून सांगितलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना अजून हात अडखळतो, पण लिहायलाच हवं. मला तिचं वाईट आधी वाटलं नाही. आधी हायसं वाटलं. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो.

मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. मुलगी प्रामाणिकपणे बोललीये, आकडे तिचे स्वतःचे आहेत, पहिलीच वेळ आहे, तर शिक्षक म्हणून सौम्य शिक्षेची शिफारस करायची आहे का? अजूनही दार उघडं होतं. एक वाक्य पुरलं असतं. हो, म्हणायचं होतं. नुसतं हो.

"नियम सगळ्यांना सारखेच असावेत," मी म्हणालो.

विषयात नापास आणि असिस्टंटशिप बंद, असा निकाल आला.

बायकोला मी त्या संध्याकाळी सांगितलं, तेही सगळं संपल्यावर. आधी सांगितलं असतं तर तिने मला ते करू दिलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं आता भडकेल, आरडाओरडा करेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "त्या पोरीने निदान कांडी तरी तापवली होती रे," आणि जिना चढून वर गेली.

जाण्याआधी ती मुलगी एकदा माझ्या ऑफिसात आली. जाड जॅकेट, हातात कापडी पिशवी. मी उठून उभा राहिलो.  तिने पिशवीतून आमचा स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"काकूंचा डबा माझ्याकडेच राहिला होता."

मी उचलला तर जड लागला.

"चिवडा आहे. मीच केलाय. रिकामा डबा कसा परत करणार?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, शपथेवर सांगतो. असता तर बरं झालं असतं. घरी शिकवलेलं असतं ना, दुसऱ्याचा डबा रिकामा द्यायचा नाही, तेवढंच ते होतं.

"पुढे काय ठरवलंस?" मी विचारलं. माझं मलाच कसंसं झालं.

"बाबा म्हणाले, ये परत. मग बघू." ती दारापर्यंत गेली आणि वळली. खोलीत आम्ही दोघंच होतो. "येते, सर."

सर म्हणाली. दार हळूच ओढून घेऊन गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस भारतातला अनोळखी नंबर दिसला की मी फोन उचलत नव्हतो. तिच्या आईचा असेल, अशी धास्ती. त्यांना मी काय सांगणार होतो, कान पकडले म्हणून? फोन आलाच नाही. पोरीने घरी माझं नाव घेतलं की नाही, देव जाणे. माझा अंदाज आहे, नसेल घेतलं.

कॉलेजात माझं काही बिघडलं नाही. उलट दोघातिघांनी पाठ थोपटली, ओळखीच्या मुलीलाही सोडलं नाही म्हणून. म्हणजे ओळख होती हे शेवटी कळलंच, आणि कौतुकच झालं. शेजारच्या बाई मात्र आता माझ्या खोलीत कॉफी प्यायला येत नाहीत. कॉरिडॉरमध्ये भेटलो की हसतात आणि पुढे जातात. एकदा सगळे गेल्यावर मी लॅबमध्ये दोरी आणि एक धातूचा गोळा काढला. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी करू. दोरी अडकवली, गोळा बांधला आणि स्टूलवर बसून राहिलो. तो हेलकावे घेत होता आणि मी एकही मोजला नाही. थोड्या वेळाने सगळं सोडून कपाटात ठेवलं. तिचा रिपोर्ट त्याच कपाटात आहे. तो मला टाकवत नाही आणि उघडवतही नाही.

यंदाही दिवाळी आली. शनिवारची दुपार, तीच माणसं, तोच गालिचा. कुणाचा तरी भाचा यंदा नवीन शिकायला आलाय, तो कोपऱ्यात ताट घेऊन बसला होता. चहा फिरला. डॉक्टरकाकांनी मांडीवर थाप मारली, "चल रे, गोळा होऊन जाऊ दे! हा नवीन आहे, ह्याने ऐकलेली नाही."

मी ठरवलं होतं, सांगायची नाही. महिनाभर आधीपासून ठरवलं होतं. आरशासमोर दाढी करताना उत्तरही घोकलं होतं, की आता पुरे झालं, त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते, हसायला तयार होऊन. नाही म्हटलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. का ते सांगावं लागलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

आणि सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोंबती दोरी सांगितली, ९.७४ सांगितलं, बाहेरून आलेल्या सरांचा आवाज काढला. "दोनशे ग्रॅम, सर!" हशा झाला. तो नवीन पोरगाही मनापासून हसला. माझी कुठेही जीभ अडखळली नाही, उलट यंदा जरा जास्तच रंगली.

बायको हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. तोच होता, कडेला चेपलेला. माझ्यासमोर धरून म्हणाली, "घे. चिवडा."

सगळे बघत होते. मी मूठभर घेतला आणि डबा पुढे दिला.